बनू रडत नाही

कार्तिक वद्य ४, शके १८४८

पुन्हा तेच! सकाळी अंघोळीचं पाणी काढून आत आले, तर हे पाळण्यापाशी उभे. अंगावर घोंगडी, दात वाजतायत. म्हणाले, "बनू तिकडं दिसते मले."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"अफू घेतली की मी जातो तिथं. कपाशीचं वावर हाय. सारी बोंडं फुटलेली, वेचाले कोणी नाई. वारा नाई. धुऱ्यावर, बांधावर, बनू बसून राह्यते."

सहा महिन्यांची पोर, अजून बसायला कुठे लागलीय! मी तसं म्हटलं.

"तिथं बसते," म्हणाले.

मला आधी हसू आलं. नंतर दिवसभर पाळण्याकडे पाठ करवेना.

मलकापूरच्या डॉक्टरांनी बजावलंय, अफू एकदम तोडू नका, गोळी रोज थोडी लहान करा. डबी सासूबाईंच्या कमरेला. सुपारी कातरावी तशी त्या गोळीची कड कापतात आणि हाक मारतात, "हिंमत, घे रे." माझ्या हाती देत नाहीत. म्हणे, "तुले त्याची दया येईन." येते! खोटं कशाला लिहू?

कार्तिक वद्य ७

रुखमाबाई कापूस वेचायला आली. तिचं लेकरू निंबाखाली झोळीत. उन्हं उतरेपर्यंत हूं नाही की चूं नाही. आमची बनूही तशीच. अमरावतीला माझ्या बहिणीची पोरं घर डोक्यावर घ्यायची. म्हटलं, तुमच्याकडची लेकरं भारीच गुणी हो! रुखमाबाई नुसती हसली आणि ओटी बांधून कपाशीच्या ओळीत शिरली.

कार्तिक वद्य ९

आज बरे होते. भाकरी खाल्ली, वर मागून ठेचा घेतला. मी धीर करून विचारलं, ही सवय लागली कशी? म्हणाले, पाठीत उसण भरली होती, कोणीतरी दिली.

"पण पहिल्या खेपेले गेलो ना, तवाच वाटलं, इथं मी आधी येऊन गेलो. पायवाट पायाले ठावकी होती."

मी ताट उचलून चुलीपाशी गेले.

कार्तिक अमावास्या

यांना झोप नाही. नाक गळतं, पायात गोळे येतात. गोळी आता ज्वारीच्या दाण्याएवढी. मी पाय चेपत होते, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी जितका इकडं येऊन राह्यलो, तितकी ती तिकडं चालली. आता धुऱ्यावर नाई. वावराच्या मधात हाय. हाक देली तर पाहत नाई."

सासूबाईंनी दारातून ऐकलं. म्हणाल्या, "हे बाहेरचं हाय. सैलानीच्या दर्ग्यावर नेते याले."

मीही मान हलवली. मला खरंच वाटलं, हा माणूस आता हाती लागत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध २

फार वाईट झालं. हे बनूला पाळण्यातून काढून चिमटे घेत होते! दंडाला, मांडीला. "रड ना! रड ना वं बाई!" मी किंचाळले. सासूबाईंनी गडी बोलावले, यांना धान्याच्या कोठीत घातलं, बाहेरून कडी लावली. बापच तो! कोणत्या बापाला असं सुचतं?

बनूच्या मांडीवर लाल डाग उठलेत. तेल लावलं.

ती रडली नाही. एवढं झालं तरी रडली नाही. हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

मार्गशीर्ष शुद्ध ३

कोठीच्या फटीशी तोंड आणून म्हणाले, "तिले अंधारात ने. डोळ्यातली बाहुली मोठी होते का पाह्य. अफूत माही होत नव्हती. आरशात किती खेप पाह्यलं मी."

बनूला देवघरात नेलं. दार लोटलं, समई तेवढी ठेवली. बाहुली खसखशीएवढी! मोठी होईचना. मग मीही चिमटा घेतला. जोरात. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही!

"देऊन राह्यली ना. गुटीत उगाळून. साऱ्याच देतात. रुखमा नाई देत का तिच्या पोराले?"

"मला का नाही सांगितलं, आत्याबाई?"

"त्यात सांगाचं काय? वरणात मीठ टाकलं ते सांगून राह्यली का मी तुले?"

"आणता कुठून?"

"आधी इकत आणत होती. आता याच्या गोळीचं कापलेलं देते. मंग काय फेकू?"

जितकी यांची कमी, तितकी हिची जास्त. हे रोज तेच तर सांगत होते. आणि मी यांना वेड्यात काढलं! जाऊन कडी काढली. यांच्या पायाशी बसून रडले.

मार्गशीर्ष शुद्ध ५

डबी आता माझ्या कमरेला. सासूबाईंनी अबोला धरलाय. मी सगळी अफू चुलीत टाकायला निघाले होते, यांनी हात धरला. "एकदम नको तोडू, मरन ते लेकरू. माह्यासारखंच कर. थोडी थोडी." बनूची गुटी हेच उगाळतात. हात थरथरतात, सहाण वाजते, पण मला शिवू देत नाहीत.

काल बनूचा श्वास इतका हळू झाला, की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसून राहिले. देवा, हिला परत आण.

मार्गशीर्ष शुद्ध १०

यांना आज ते वावर दिसलं नाही. "ती दिसली का?" विचारलं. हे उठून पाळण्यापाशी गेले.

मार्गशीर्ष पौर्णिमा

बनू रडली! लालबुंद होऊन, मुठी आवळून! हे तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होते आणि हसत होते. सासूबाईंनी अबोला सोडला. कानावर पदर ओढून म्हणाल्या, "काय वं हे रडणं! माहा हिंमत असा कधीच नाई रडला. दोन वर्साचा होयपर्यंत आवाज नव्हता त्याचा."

हे चालता चालता थांबले. म्हणाले, "म्हणून पायवाट ठावकी होती."