नणंदेचा गळा

करंजाडे, मंगळवार, दिवे लागल्यावर

नातीला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरनी विचारलं, "घरात कुणाला मनाचा आजार होता का?" तर माझ्या दीपकनं मला न विचारताच सांगितलं, "नाय." मी काय शेजारी ठेवलेली पिशवी होते?

त्याची सख्खी आत्या, माझी नणंद, लग्नात धवल्यांची गाणी गायची. मग तिची झोप उडायची, बडबड थांबायची नाही. आम्ही म्हणायचो, अंगात देवी आली. तिची ओटी भरायचो, पाया पडायचो. एक दिवस खाडीकडे गेली, ती आलीच नाही.

आता माझी नात श्रुती झोपत नाही. आज भांडी घासताना गुणगुणत होती. तोच गळा! नणंदेला तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. हाक मारली तर मान तिच्यासारखीच कलती करून हसली.

डॉक्टर बोलता बोलता म्हणालेले, गळा, झोप, आजार, यांची मुळं रक्तात एकमेकांत गुंतलेली असू शकतात. पण गळा आला म्हणून आजार येतोच असं नाही. घरात कुणी नव्हतंच, तर मग हा तोच गळा कुठून आला?

दीपकला सांगितलं, आत्याला आजारच होता, तर म्हणतो, "आई, देवीला आजार नको म्हणूस."

"देवी होती, तर बुडू कशी दिली रे?"



उद्या परत दवाखाना. दीपक्या, डॉक्टरच्या त्या प्रश्नाचं उत्तर तूच द्यायचं, पोरीसमोर, आत्याचं नाव घेऊन.