स्वयंपाकघरावरचं जास्तीचं टोपलं

सुनीलचे बाबा,

जिवंतपणी तुम्हाला एक चिठ्ठी लिहिली नाही मी, आणि आता पत्र लिहायला बसले आहे. काय करू? आज स्वयंपाकघराच्या छताचं मातीचं धाबं उतरवलं, आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. शुद्ध लिहिते म्हणून हसू नका. अंगणवाडीत इतकी वर्षं काढली, हाताला तीच सवय आहे.

तुम्ही गेल्यापासून सुनीलचं एकच पालुपद. "आई, हे मातीचं घर धोक्याचं हाये. पाडून टाकू. तू चाल अकोल्याले." मी काही हो म्हणेना. तिथं त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दार लावून बसणं मला जमणार आहे का, तुम्हीच सांगा. शेवटी ठरलं की मिस्त्रीला दाखवायचं आणि तो म्हणेल तसं करायचं. म्हणजे या घरातलं माझं राहणं आज त्या हनीफ मिस्त्रीच्या एका शब्दावर आलं होतं.

त्यानं स्वयंपाकघरापासूनच सुरुवात केली, कारण तिथली मयाल, धाब्याचा सारा भार पेलणारी तुळई, कुरकुरायची. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं! "जुनं लाकूड हाये, बोलतेच," तुम्ही म्हणायचात आणि चहा मागायचात.

वरची पाणी अडवणारी खारी माती निघायला लागली. निघतेच आहे, निघतेच आहे. पोळीचे पदर सुटावे तसे थरावर थर. बाकीच्या दोन खोल्यांवर चार बोटं माती, आणि इथं हातभर. मिस्त्री वरूनच ओरडला, "काकू, बाकी धाबं तर बरोबर हाये. जुनी माती खरवडून नवी घातली काकानं. इथंच काहून खरवडली नाई?"

मला लगेच कळलं. पण त्याला काय सांगणार?

तुम्हाला आठवतं का हो, नवीन संसार होता, मी भाकरीचं पीठ मळत होते आणि परातीत वरून गढूळ पाणी टपकलं. मी बोलले तुम्हाला, चांगलं तोंड भरून बोलले. तुम्ही काही बोलला नाहीत. पण त्यानंतर दर वैशाखात धाब्यावर चढलात की माझ्या चुलीवरच्या जागी जास्तीची माती टाकायचात, आणि जुनी काढायला तुमचा हात काही धजावला नाही. मी खालून हाका मारायची, "उतरा आता, भाकर निवून राहिली." आणि तुमचं ठरलेलं, "एक टोपलं राह्यलं." ते टोपलं कुठं पडत होतं ते मला आज दिसलं. एवढं मनाला लावून घ्यायचं होतं का?

मातीखाली कपाशीच्या पऱ्हाट्या निघाल्या आणि त्यांच्याखाली निंबाचा पाला. आपण घर बांधलं तेव्हाचा. वाळवी लागू नये म्हणून मी खालून फांद्या देत होते आणि तुम्ही वर पसरत होता. हात लावला की भुगा होतो, पण वास अजून कडूच. मी तो मुठीत धरून बराच वेळ उभी होते.

मग मयाल उघडी पडली. मधोमध तडकलेली, बरोबर मी बसते त्या पाटाच्या वर. माझ्या डोक्यावर थेंब पडू नये म्हणून तुम्ही अख्खं धाबं माझ्या डोक्यावर आणायला निघाला होता, कळतं का तुम्हाला?

सुनील चिडला. "बाबाले समजत नव्हतं का, लाकडाले वजन सहन नाई होत?" मी म्हटलं, "तुया बापाले सारं समजत होतं. फक्त बोलता येत नव्हतं." आणि मला रडू आलं. तुमच्या तेरवीला आलं नव्हतं एवढं आलं.

मिस्त्रीनं बाकीच्या खोल्यांच्या मयाली ठोकून पाहिल्या. म्हणाला, "या पक्क्या हायेत. साल-दरसाल खरवडत जा, काई होत नाई." स्वयंपाकघरावर टिनपत्रे टाकायचे ठरले. सुनील म्हणाला, "राय मंग इथंच. पण दर रविवारी मी येऊन पाहीन." म्हणजे मी राहते आहे हो, आपल्या घरात.

आता तुम्हाला शब्द देते. दर वैशाखात मी शिडीपाशी खुर्ची टाकून बसेन. आधी जुनी माती खरवडून घेईन, मगच नवी चढू देईन, आणि कुणी माझ्यासाठी म्हणून जास्तीची टाकायला लागला तर त्याला हाकलून देईन. टिनातून गळलंच कुठं, तर परात सरकवून घेईन. तेवढं मला येतं.

टोपलं मी धुऊन पालथं घातलं आहे. आता एकही राहिलं नाही. उतरा आता, भाकर निवून राहिली.

तुमची,
सुनीलची आई