माझ्या मेंदूची व्यवस्था

मी, प्रमोद शंकरराव म्हसकर, वय बावन्न, संस्कृत शिक्षक, राहणार बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मेंदूविषयी त्यांनी मौन पाळले.

१. राहते घर पत्नी अंजनी हिला. माझा राग सोसवेना म्हणून ती वांगणीला बहिणीकडे राहते. लग्न झाले तेव्हा मी असा नव्हतो, हे तीच सांगे.

२. शब्दकोश विद्यार्थिनी वैष्णवीला. हल्ली वर्गात श्लोक अर्ध्यावर तुटला की उरलेला ती पुरवते आणि वर विचारते, "सर, मुद्दाम थांबलात ना?"

३. बचत आमच्या रग्बी क्लबला. अट एकच: मैदानालगत डॉक्टर बसवावा. त्याने खेळाडूला बाहेर काढले, तर अंतिम सामना असला तरी प्रशिक्षकाने मध्ये पडू नये.

कारण लिहून ठेवतो. मी राज्याच्या संघात असताना कुणाच्या डोक्याला मार बसला की प्रशिक्षक धर्मराज सर धावत येत.

"म्हसकर, बोटं किती?"

"दोन."

"शाब्बास, ऊठ!"

ते कायम दोनच बोटे दाखवत. हे साऱ्या संघाला पाठ होते. डोळे मिटलेलासुद्धा दोनच म्हणे. शेवटच्या सामन्यात मीही म्हणालो आणि पुढे शेवटपर्यंत खेळलो, असे ऐकून आहे.

धर्मराज सरांना माझी खेळताना डोक्यावर घालायची पॅडची टोपी. ती बायकी दिसते म्हणत. आता निवांत घालून पाहावी.

४. मेंदू मुंबईच्या ज्या रुग्णालयात संमतिपत्र दिले आहे, त्या रुग्णालयाला. जुन्या माराने तो झिजला का, हे मेल्यावर तपासूनच नक्की कळते म्हणतात. मात्र तो काही तासांत पोचायला हवा, आणि मी एकटा राहतो. म्हणून खालचे दुकानदार हरेश मोटवानी यांच्याकडे चावी आणि रुग्णालयाचा फोन नंबर दिला आहे. दुधाची पिशवी दारातच दिसली की ते वर येतात: "सर, जिंदा हो? बोलो, नहीं तो फोन लगाता हूँ!" सुट्टीच्या दिवशी माझ्याशी एवढेच बोलणे होते.

धाकटा भाऊ राजेंद्र म्हणाला, "दादा, डोकं असं वाटून टाकतात का? लोक काय म्हणतील?" मैदानात तेच डोके वाटत होतो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्याने अडवू नये.

५. तपासणीचा अहवाल प्रथम अंजनीला वाचून दाखवावा. झीज सापडली, तर तिच्याशी भांडत होता तो पुरता मी नव्हतो, एवढे तिला कळेल. काही सापडले नाही, तरी वाचून दाखवावा. मग ते सगळे मीच बोललो होतो, आणि ती गेली हे तिने योग्यच केले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघांच्या देखत सही करत आहे.

बदलापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५
(सही) प्रमोद शंकरराव म्हसकर

साक्षीदार:
(सही) सुयोग रामटेके, सहशिक्षक
(सही) बनूबाई भोईर, शेजारी