सारमेयाची सर्दी

बदलापूर, ४ ऑक्टोबर १९५३

कुत्र्याची शिंक अपशकुन धरावी की नाही, याबाबत शास्त्र मौन आहे. ही गंभीर उणीव! आज बाहेर पडताना आमचा सारमेय सटासट शिंकला. चपला काढून पुन्हा बसलो, पाणी प्यालो, निघालो — पुन्हा शिंक! दरवर्षीचंच हे. हेंद्रेपाड्यामागे गवताला तुरे आले की आम्हा दोघांची नाकं वाहू लागतात. कुमुदिनी म्हणते, "एकाच गोत्राचे तुम्ही." बायकोने एवढं शास्त्र जाणू नये.

७ ऑक्टोबर

सारमेयाच्या शिंका थांबल्या, आवाज बसला. भुंकतो तो कीर्तन आटोपलेल्या बुवासारखा. अडुळशाचा काढा, मध घालून, दिवसातून तीनदा — असा हुकूम सोडला. लेक मीनल म्हणाली, "अण्णा, तुम्ही वैद्य कधी झालात?" संस्कृत आलं की वैद्यकी आलीच, म्हटलं.

९ ऑक्टोबर

दिवसभर उल्हासनगरला. निर्वासितांच्या कॅम्पात नळावर मारामारी; वर्तमानपत्राला बातमी धाडली. घरी आलो तर सारमेयाने भाताला तोंड लावलेलं नाही. लाळ गळते. जबडा मिटत नाही. मीनल घास तोंडात घालत होती, तो बाहेर पडे. "घसा धरलाय," मी म्हटलं. काढा चालू ठेवा म्हणून सांगितलं.

१० ऑक्टोबर

मागचे पाय ओढतो. पलंगाखालून बाहेर येत नाही.

११ ऑक्टोबर

गेला. आमचा दूधवाला, चामटोलीचा महिपती, त्याने मागे खड्डा खणला. "लई गुणाचा व्हता. कुनाला चावला नाय कधी." मीनल जेवली नाही. मीही.

१३ ऑक्टोबर

बातमीसाठी कल्याणच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांना सारमेयाच्या सर्दीचं सांगितलं — मरणसुद्धा थोडं रंगवून, सवयीने. त्यांनी कप खाली ठेवला.

"जबडा लोंबत होता?"

"हो."

"अहो, पिसाळला होता तो!"

"पण चावला नाही कुणाला."

"चावायला जबडा मिटावा लागतो. तोंडात हात कोणी घातला?"

मीनल, म्हटलं. घास भरवायची. मी नुसती पाठ थोपटत असे.

"आणखी कोणी?"

"नाही."

१४ ऑक्टोबर

पोटात सुई. रोज एक, चौदा द्यायच्या. मीनल माझ्या दंडाला कडकडून चावली. विनोद सुचला. केला नाही.

२० ऑक्टोबर

रोज कल्याण. पोट सुजलंय पोरीचं. आज विचारते, "अण्णा, आपल्या कुत्र्याला दिल्या असत्या सुया तर?"

२७ ऑक्टोबर

शेवटची सुई झाली! कुमुदिनीने शिरा केला. मीनलने पुन्हा मागून घेतला. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

२८ ऑक्टोबर

धुणं वाळत घालता घालता कुमुदिनी म्हणाली, "मोठ्या माणसांना नाही ना लागत त्या सुया?"

"का?"

"काढा मीच पाजायचे. जबड्यात बोटं घालून. विळीवर कापलं होतं ना, झोंबायचं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही डॉक्टरांना सगळं सांगितलं असेल, म्हटलं."

तीनदा द्या, एवढं मी सांगितलं होतं. देतं कोण, ते पाहिलं नव्हतं.

ती लुगडं बदलते आहे, तेवढ्यात लिहितो. पहिली सुई आजच मिळेल. फार उशीर झाला असेल, याची भीती वाटते.