मुद्दाम ठेवलेली चूक

गुरुवार, ६ जून

आला! अकरा वर्षं नवरा होता, आता बेल वाजवून येतो. चार महिन्यांपूर्वी गेला तेव्हा किल्ली टेबलावर ठेवून गेला होता, म्हणून बेल.

"अगं, डान्स स्टुडिओ काढतोय. छोटासाच, शिंप्याच्या दुकानावरची खोली. लोगो, बोर्ड, कार्डं – तू करशील? माझा नाच तुझ्याइतका कुणी पाहिलेला नाही."

हो म्हणून बसले. माझी जीभ नेहमीच पुढे पळते.

शनिवार, ८ जून

ताईचा फोन. "कर की काम. त्या निमित्ताने केस तरी विंचरशील." आणि लगेच, "पण त्याच्यात गुंतू नकोस." मी कशाला गुंततेय!

गुंतलेय.

मंगळवार, ११ जून

तीन दिवस घुंगरू, कमानी, गिरक्या काढून फाडल्या. लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसत होतं सगळं. आज चहा उकळायची वाट बघताना आठवलं, तो ओट्यापाशी कसा उभा राहायचा. भार उजव्या पायावर, डावी टाच जराशी उचललेली, आता पाऊल टाकेल अशी. कागद ओढला आणि एका रेषेत काढला. फोटो लागला नाही. चहा उतू गेला, गॅस पुसताना रडले.

गुरुवार, १३ जून

प्रूफ दाखवलं. त्याने कागद उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "हा मी आहे ना?"

मी म्हटलं, "कुणीही नाचणारा."

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. गिऱ्हाइकाला काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आपणच एक ठळक चूक ठेवायची. ती सापडली की स्वारी खूश, बाकीच्या कामाला हात लावत नाही. मी फोन नंबरातला शेवटचा आकडा गाळला होता. त्याला सापडला. "दुरुस्त कर, पुढच्या गुरुवारी येतो बघायला." जाताना प्रूफची एक प्रत घेऊन गेला.

तो गेल्यावर लक्षात आलं – एक चूक, एक गुरुवार!

गुरुवार, २० जून

आकृतीच्या हाताला सहा बोटं काढली. "अगं, हे सहावं कधी फुटलं मला?" दोघं पोट धरून हसलो. या घरात हसण्याचा आवाज किती दिवसांनी.

गुरुवार, २७ जून

कार्डाचा हिरवा एक, बोर्डाचा हिरवा दुसरा. दोन कप चहा प्यायला. निळा ड्रेस घातला होता मी. त्याने पाहिलं.

गुरुवार, ४ जुलै

पत्त्यात तिसरा मजला टाकला. "इमारतीला दोनच मजले आहेत गं बाई!" सहा वाजेपर्यंत बसला. उठताना गुडघा धरला. मलम आणायला उठले होते, मग बसले. कोण लागते मी त्याची?

लाज वाटते लिहायला, पण पुढच्या चार चुका आत्ताच ठरवून ठेवल्यात.

गुरुवार, ११ जुलै

आज कागद नीट बघितलासुद्धा नाही. "नंबर चुकलाय बहुतेक," म्हणाला आणि घड्याळ पाहिलं. नंबर बरोबर होता. चूक दुसरीकडे होती.

माझ्या तोंडून गेलंच, "परत येशील?"

"गुरुवारी ना? येईन की."

"तसं नाही. घरी."

तो कागदाचा कोपरा दुमडत राहिला. मग हळूच, "नाही गं. ते नाही जमायचं."

भांडला असता तर बरं झालं असतं. इतक्या प्रेमाने नाही म्हणायचं असतं का कुणी? दार लावलं आणि तिथेच फरशीवर बसून हमसाहमशी रडले.

शनिवार, १३ जुलै

सगळं दुरुस्त केलं. पाच बोटं, दुसरा मजला, एकच हिरवा. ओळ न् ओळ तीनदा तपासली. एकही चूक नाही. उद्या स्वतः नेऊन देते आणि सोडते त्याला.

रविवार, १४ जुलै

बोर्ड लागलेला आहे. माझं पहिलंच प्रूफ, गाळलेला आकडा भरून. शिंपी म्हणाला, "सरांचा बोर्ड होय? महिना होत आला लावून."

वर गेले. "मग दर गुरुवारी कशाला येत होतास?"

तो मान खाली घालून म्हणाला, "ताईंनी सांगितलं होतं. तू अंथरुणातून उठत नाहीस म्हणून. काही दिवस जात राहा म्हणाल्या."

खाली आले तेव्हा शिंप्याने न विचारता स्टूल पुढे केलं. बसले.