धावजी नाइकांचे ओरिजिनल तैलचित्र

ता. ६ नोव्हेंबर १९६०, रविवार. सकाळ.

मी, पुंडलिकराव वल्द तानबाजी गुल्हाने, वय वर्षे सहासष्ट, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, धंदा चित्रकारी, मुक्काम दारव्हा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवतो की, या तालुक्यात ओरिजिनल चित्रकार एकच आहे. बाकीचे नकलाकार आहेत. त्यांची नावे लिहून वही विटाळत नाही.

आज आर्णीकडील तांड्यावरून बाबूसिंग व त्याची आई मानीबाई आली. बाबूसिंगाचे वडील कै. धावजी नाईक यांनी शाळेला जमीन दिली होती. त्या शाळेत सव्वीस जानेवारीला त्यांचे तैलचित्र लागावयाचे आहे. मानीबाईने पदरातून फोटो काढला. म्हणाली की, हा एकच हाय भाऊ, माह्या नातवंडाईनं आजा पाह्यला नाही, त्याइले आजा दिसला पाह्यजे.

मी फोटोकडे न पाहता सांगितले की, मी फोटोवरून चित्र काढीत नाही. धावजी नाइकांना मी आर्णीच्या बाजारात एकदा पाठमोरे पाहिले होते. कलावंतास तेवढे पुरे.

बाबूसिंग म्हणाला की, राहू द्या काकाजी, कामी पडन. केवळ सभ्यतेपोटी ठेवून घेतला.

ता. ७ नोव्हेंबर.

फोटो ट्रंकेत, सौ. रुखमाबाईच्या शालूखाली. कुलूप लावले. निश्चय: चित्र पुरे होईपर्यंत ट्रंक उघडणार नाही.

ता. १२ नोव्हेंबर.

फोटो श्रावणाने काढलेला आहे, असे कळले. बसस्टँडासमोर त्याचा स्टुडिओ. हा मनुष्य काळ्या कापडात तोंड घालतो, एक कळ दाबतो आणि स्वतःस आर्टिस्ट म्हणवितो. चित्रकार म्हणविणारे याहून नीच. फोटोवर आडवे-उभे दोरे बांधून चौकोन पाडतात, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर आखतात आणि एकेक चौकोन उतरवून घेतात. हे चित्रकाम नव्हे, ही गोधडी आहे.

ता. २० नोव्हेंबर.

कॅनव्हास कोरा. शेजारच्या जिनिंग कारखान्यातील कापसाची रुई उडून ओल्या रंगावर बसते. रंग अद्याप लावलेला नाही, तरी बसण्याची शक्यता आहे.

सौ. म्हणाली की, मागून पाह्यलं तं मागूनच काढा. अशिक्षित बाईशी वाद नको.

ता. ४ डिसेंबर.

ट्रंकेत कसर लागल्याचा संशय आला. शालूच्या काळजीने उघडली. त्या ओघात फोटोतील उजवा कान दृष्टीस पडला. कान ही निसर्गाची वस्तू आहे. तिच्यावर श्रावणाचा हक्क नाही. कान काढला.

ता. ५ डिसेंबर.

डावा कान. एका कानाने मनुष्य अपुरा दिसतो.

ता. ९ डिसेंबर.

कोट काढावयास घेतला. कोट ही शिंप्याची करणी. तो पाहून काढण्यात नक्कल होत नाही. फोटो ट्रंकेबाहेर ठेवला आहे. चौकटीवर आडवे-उभे दोरे बांधले आहेत, ते माशा बसू नयेत म्हणून. कॅनव्हासवरील रेघा वेगळ्या कारणासाठी आहेत.

ता. १८ डिसेंबर.

कोट अप्रतिम. खालच्या खिशाला ठिगळ आहे, ते टाक्यांसह आले. वरून दुसरे बटण नाही. एवढा जमीनदार, पण अंगावर बटण तुटलेला कोट! साधी राहणी. हा स्वभावविशेष श्रावणाच्या लक्षात येणे शक्य नाही. मी ती बटणाची जागा विशेष ठसठशीत केली.

ता. २७ डिसेंबर.

आता मुखवटा. येथे ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. फोटो पुन्हा ट्रंकेत. किल्ली सौ.च्या गळ्यात. धावजी नाईक डोळे मिटून आठवले. पाठ स्पष्ट दिसली.

ता. ३ जानेवारी १९६१.

कॅनव्हासशेजारी आरसा टांगला. उजेडासाठी. मुखावर तेज येऊ लागले आहे. रुबाबदार नाक, भारदस्त भुवया. असे नाक या भागात क्वचित आढळते.

सौ. चहा घेऊन आली आणि उभी राहिली. म्हणाली की, नाक तं तुमचंच दिसून राह्यलं. मी सांगितले की, थोर पुरुषांची नाके सारखीच असतात. ती म्हणाली की, अन् हनुवटीवरचा मस? तो मी पुसला. पुसल्यावर जागा भुंडी दिसली. पुन्हा काढला.

ता. १४ जानेवारी, संक्रांत.

हॉटेलात श्रावण भेटला. चारचौघांत विचारले की, काकाजी, माहा फोटो कामी पडला का? मी सर्वांसमक्ष उत्तर दिले की, तुझा फोटो मी डोळ्यानेही पाहिला नाही, आणि हेच समारंभात जाहीर करीन. म्हणाला की, मंग तं मी येतोच, चांगले कपडे घालून येतो. खुशाल यावे. नकलाकारांनी एकदा तरी ओरिजिनल पाहावे.

ता. २६ जानेवारी, गुरुवार. रात्री.

समारंभ झाला. जे घडले ते क्रमाने लिहितो.

चित्र पडद्याखाली होते. मुख्याध्यापक घनश्याम गुरुजींनी मला बोलावयास सांगितले. मी घोषित केले की, या चित्रास फोटोचा स्पर्श नाही, कै. धावजी नाईक माझ्या अंतःकरणातून उतरले आहेत. टाळ्या पडल्या. पडदा सारला.

मानीबाई पुढेच बसली होती. तिने वर पाहिले आणि परका पुरुष समोर आल्यावर ओढावा तसा घुंगट ओढून घेतला. आतूनच मुलाला विचारले की, बाबू, हे कोन होय? बाबूसिंग चित्राकडे पाही, माझ्याकडे पाही, पुन्हा चित्राकडे पाही.

तेवढ्यात श्रावण पुढे आला. अंगात काळा कोट. खालच्या खिशाला ठिगळ. वरून दुसरे बटण नाही. तो चित्राशेजारी हात बांधून निमूट उभा राहिला. हाच त्याचा नीचपणा.

घनश्याम गुरुजी मोठ्याने म्हणाले की, अरे, हा तं श्रावणच्या स्टुडिओतला कोट! माह्या लग्नाच्या फोटोत मी हाच घातला हाय. मागून कोणी ओरडले की, माह्या बी! आणखी एक म्हणाला की, ते बटन माह्याच हातून तुटलं. गिऱ्हाइकाजवळ कोट नसला की स्टुडिओ हाच चढवून देतो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. असल्या ठिकाणी माझे जाणेयेणे नाही.

बाबूसिंगाने खुलासा केला की, बापूने जन्मात कोट घातला नव्हता. त्या दिवशी बाह्यांत हात घातले आणि गुदगुल्या झाल्यासारखे हसू लागले, तसाच फोटो निघाला. ते हसू मी पाहिले नव्हते. तो चौकोन मी सोडून दिला होता.

मानीबाई म्हणाली की, भाऊ, आमचा फोटो द्या. सौ.ने पिशवीतून काढून दिला. दोरे सोडावयाचे राहिले होते. सर्वांनी पाहिले. मी माशांविषयी सांगू लागलो, परंतु जानेवारीत माशा नसतात, असे कोणी तरी म्हणाले. मानीबाईने एकेक दोरा नखाने तोडला, पदराने काच पुसली आणि लेकरांना जवळ ओढून म्हणाली की, पाहा रे, हा तुमचा आजा, कसा हासून राह्यला. चित्रासाठी ठोकलेल्या खिळ्याला गुरुजींनी तो वीतभर फोटो लावला.

चित्राचे काय करावे, हा प्रश्न उरला. बाबूसिंगाने आदराने ते बसच्या टपावर बांधून दिले. वाटेत सौ. म्हणाली की, चांगलंच झालं. उद्या तुमचं कमीजास्त झालं तं मले फोटोसाठी श्रावणकडे धावा लागत नाही. कोट तेवढा दुसऱ्याचा हाय.

चित्र घरी भिंतीस टेकवून ठेवले आहे. मुखवटा पूर्ण ओरिजिनल आहे, हे माझे म्हणणे कायम.

वरील प्रकार घडला तेव्हा समक्ष हजर: रुखमाबाई पुंडलिकराव गुल्हाने, बाबूसिंग धावजी, मानीबाई धावजी (घुंगटाआडून), घनश्याम गुरुजी, श्रावण, आणि त्याच्या अंगावर तो कोट.