चंदेरी पिशवीतला फोन

१० नोव्हेंबर, सोमवार

निवृत्त होऊन दोन वर्षं घरात बसल्यावर आज पुन्हा डबा भरला, साडीला पिन लावली आणि बदलापूरहून लोकलने विठ्ठलवाडीला उतरून नोकरीवर रुजू झाले. माझे यजमान कमळाकर असते तर त्यांनी घड्याळाला किल्ली देता देता माझी थट्टा केली असती.

ऑफिस उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आहे. खालचे दुकानदार हरेशभाई, जातीने सिंधी. त्यांच्या रिवाजाप्रमाणे मी जिना चढायच्या आधीच पाणी आणि भाजलेला पापड हातात आला. वर आमच्या सुजितसरांची लॅब. पोलीस आणि वकील जप्त केलेले फोन, कॉम्प्युटर इथे आणून देतात. पुसून टाकलेलं सर परत मिळवतात. मिळालेलं बोलणं ऐकून कोर्टासाठी शब्दन् शब्द टाईप करायचा, हे माझं काम.

सरांनी विचारलं, जमेल का? मला सिस्टर ॲग्नेस आठवल्या. कॉन्व्हेंटात त्या श्रुतलेखन घेताना बाकांमधून आवाज न करता फिरायच्या आणि म्हणायच्या, नुसते शब्द ऐकू नका, श्वास कुठे घेतला तेही ऐका. मी सरांना म्हटलं, जमेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कामाची पद्धत मला फार आवडली. मूळ फोनला कोणी हात लावत नाही. आधी त्याची हुबेहूब नक्कल काढतात आणि सगळं काम नकलेवर करतात. नक्कल काढताना एक लांबलचक आकडा मिळतो, बोटाच्या ठशासारखा. आत एक टिंब जरी बदललं तरी ठसा बदलतो आणि कोर्ट पुरावा मानत नाही.

मूळ फोन चंदेरी पिशवीत बंद असतो. तिच्यातून रेंज आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. सरांनी आज कपाटासमोर उभं राहून मला बजावलं, "मॅडम, बाकी काय पण चुकलं तरी चालेल. पिशवी उघडायची नाही. रेंज लागली की समोरचा कुठे पण बसून आत घुसतो."

दुपारी हरेशभाईंच्या आईने दाल पकवान पाठवलं. मी त्यांना नारळाच्या वड्या देणार आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन केस. अंबरनाथ पूर्वेला पालेगाव आहे, तिथली करिष्मा नावाची मुलगी. वय तेवीस. गेल्या महिन्यात एके दिवशी आई गोजरबाई भाजी विकायला बाजारात गेली होती. दुपारी परतली तेव्हा दाराची कडी आतून काढलेली, आणि करिष्मा उंबऱ्याच्या आत बसलेली, गेलेली. अंगावर ओरखडाही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पण तिच्यासमोर पाट मांडलेला होता, शेजारी पाण्याचा तांब्या. पाहुणा आल्यावर ठेवतात तसा.

गोजरबाई आज लॅबमध्ये आल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हाताला भाजीचा वास. रडल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "माझे पोरीनी दार कोनाला उघारला, तवरा सांगा. मंग मी परत नाय येनार."

कोणीतरी ओळखीचं होतं, हे उघड आहे. मी त्यांना शब्द दिला. सांगेन म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर करिष्माचा आवाज कानात. किर्ती नावाच्या मैत्रिणीला ती लिहायची नाही, बोलूनच पाठवायची. लाडका, जरा सर्दट आवाज. वाक्याच्या मध्येच दम घेते, 'ना गं' म्हणायच्या आधी. लग्न, पार्लरचा कोर्स, नवीन चपला. माझ्या लेकीचं, संजीवनीचं, लग्नाआधीचं बोलणं असंच होतं. आता ती पुण्याहून रविवारी फोन करते आणि तब्येत विचारते.

मी टाईप करताना दोनदा हसले. मग आठवलं, की ही मुलगी नाही आता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजच्या क्लिप वेगळ्या आहेत.

करिष्माची आजी दोन वर्षांपूर्वी वारली. तिचा जुना फोन पेटीत पडून होता. करिष्माने हौसेने तो चार्ज करून चालू केला. त्यात एक आवाजी मेसेज आलेला होता, पण कधी डाउनलोड न झालेला. नुसता खाली बोट दाखवणारा बाण. पाठवणाऱ्याच्या जागी आजीचाच नंबर. करिष्माने आपल्या फोनचं नेट त्याला जोडलं आणि बाण दाबला.

पुढचं मी जसंच्या तसं टाईप केलं: "किर्ती, त्यात मीच बोलते ना गं. माझाच आवाज हाय. मी बोलते, ये आजी, आत ये. मी असा कवा बोललेच नाय."

त्यानंतरच्या दोन क्लिपमध्ये ती फक्त सांगते की आज दार वाजलं, उघडलं नाही. शेवटच्या क्लिपमध्ये बोलणं नाही. श्वास आहे.

सरांचं मत, मानसिक ताण. मलाही तसंच वाटतं. बिचारी एकटी असायची घरात.

नकलेत सगळ्यात शेवटी आणखी एक मेसेज दिसतो. करिष्माच्या फोनवर आलेला, ती गेली त्याच दुपारचा. पण तो कधी डाउनलोडच झाला नाही, त्यामुळे नकलेत आवाज नाही, नुसता बाण. पाठवणाऱ्याच्या जागी करिष्माचाच नंबर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या सरांना सांगायचा धीर येईल.

सर कल्याणला कोर्टात गेले होते. गोजरबाई आल्या. मी त्यांना नकलेतून मुलीचा आवाज ऐकवला. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला, लहान मूल शंख धरतं तसा. मग विचारलं, शेवटचा कोणता? मी सांगितलं, शेवटचा उघडलेला नाही, त्याला नेट लागतं. त्या म्हणाल्या, त्यातच असंल त्याचा नाव, जो आलता त्याचा. मलाही तेच वाटत होतं.

मी पिशवी उघडली. मागच्या काचेवर फुलपाखराचा स्टिकर आहे. लॅबच्या नेटला जोडला तर सरांना कळेल, म्हणून मी माझ्या मोबाइलचं नेट त्याला दिलं. गोजरबाईंना मुलीच्या फोनचं कुलूप ठाऊक होतं, त्यांनी बोटाने काचेवर रेघ ओढली. मी बाण दाबला.

त्यात नाव नव्हतं. पंखा फिरतो आहे. कुठेतरी घड्याळाचे टोले. कुकरची शिट्टी. जिन्यावर पावलं, आणि कठड्यावर अंगठी आपटत यावं तसं टक्, टक्. दारावर थाप. एक म्हातारी बाई विचारते, "कोण आहे?" बराच वेळ काही नाही. मग तीच बाई, फार मायेने, "ये बाळ, आत ये." कडी सरकते. त्यानंतर नुसता पंखा, पुष्कळ वेळ.

गोजरबाई म्हणाल्या, ही आमच्यातली कोणी नाय. आमचे घराला जिनाच नाय.

फोन पुन्हा पिशवीत ठेवला. घरी आले तर माझ्या मोबाइलवर तोच मेसेज. मी घेतला नव्हता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, फोनची नक्कल पुन्हा काढून पाहिली. ठसा जुळत नाही. त्या माऊलीची केस आता कोर्टात उभी राहणार नाही, आणि ते मी केलं.

मग त्यांनी तो मेसेज माझ्या मोबाइलवर ऐकला आणि विचित्र हसले. म्हणाले, "मॅडम, हा तर तुमचाच आवाज आहे. टेस्टिंग करत होता काय?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा ऐकवला. माणसाला दुसऱ्याचा आवाज चटकन ओळखू येतो, स्वतःचा नाही. निवृत्तीआधी मी एवढी वर्षं ऑफिसात साहेबांची पत्रं ऐकून टाईप केली, आता कोर्टासाठी आवाज ऐकते, आणि मला माझा —

पण मेसेज करिष्मा गेली त्या दुपारचा आहे. ऑक्टोबरचा. तेव्हा मला सरांचं नावही माहीत नव्हतं.

सर म्हणाले, आठवडाभर घरी राहा.

२३ नोव्हेंबर, रविवार

हॉलमध्ये बसले होते. भिंतीवरच्या घड्याळाने टोले दिले आणि शेवटच्या टोल्यानंतर त्याची नेहमीची घर्र झाली. स्प्रिंग सैल आहे. कमळाकर दर दिवाळीला दुरुस्त करायचं म्हणायचे.

मेसेज लावला. टोल्यांनंतर तीच घर्र.

संजीवनीचा फोन आला. मी विचारलं, काही दिवस येऊ का? ती म्हणाली, शनिवारी ये आई, तोपर्यंत मुलांच्या परीक्षा आहेत. मी बरं म्हटलं. काय सांगणार?

२४ नोव्हेंबर

घड्याळ बंद केलं. लंबक काढून पर्समध्ये ठेवला. कुकर कामवालीला देऊन टाकला. ती खूश झाली. भात पातेल्यात करते आहे.

मेसेज पुसला. चहा गाळून आले तर परत होता.

आता थोडं बरं वाटतं. घड्याळ नाही, कुकर नाही, तर हे घर ते घर नाही.

२६ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. मी पलंगावरून हलले नाही. वाजवणं घाईचं नव्हतं. घरातलं माणूस किल्ली विसरल्यावर वाजवतं तसं.

नंतर शेजारच्या बकुळाताईंना विचारलं. त्या भाजी निवडत दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, जिन्यावर कोणीच आलं नाही हो, झोप लागली असेल तुम्हाला.

गोजरबाईंचा फोन आला होता. समजला का काय, विचारत होत्या. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा.

२७ नोव्हेंबर

पुन्हा. आज टक्, टक् पण. कठड्यावर. मग दारापाशी थांबलं.

मी ओठांवर पदर धरून बसले. जन्मभराची सवय आहे ना, थाप पडली की आतूनच 'कोण आहे' विचारायची.

दाराखालच्या फटीत सावली नव्हती. सर्दट श्वास होता. मध्येच दम घेणारा.

२८ नोव्हेंबर

आता समजलं. गोजरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण कसं सांगू? पोरीने दार आजीला उघडलं. आजीच्या आवाजाला. म्हणून पाट मांडला, पाणी ठेवलं.

आजीच्या फोनमधून तिच्याकडे. तिच्याकडून माझ्याकडे. आपण नेट देतो, तिथून ते येतं. आणि ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचाच आवाज घेऊन —

माझा मोबाइल कोणी चालू करू नये. संजू, तू तर नकोच. बाण दिसला तर दाबू नकोस. माझा आवाज ऐकावासा वाटला तरी नाही.

सकाळी पुण्याला निघते. रात्री निघाले असते, पण जिना —

२९ नोव्हेंबर

बॅग भरली. रिक्षावाला साडेअकरापर्यंत येतो म्हणाला. आला नाही. बारा होत आले. ऊन फार आहे.

टेबलावर पाण्याचा पेला आहे. वर ताटली झाकलेली. पाहुण्याला ठेवतात तसा. मी ठेवला? हात ओला आहे माझा —

घड्याळ वाजलं. लंबक पर्समध्ये आहे. आत्ता चाचपला. आहे. — घर्र —

शिट्टी. वरच्यांकडे कुकर असतो, हे मी धरलंच नाही —

जिना.

टक्.

संजूचा फोन लागत नाही.

थाप —

'कोण आहे' विचारून गेले. तोंडातून निघून गेलं. सवयीने. आता ते दुसरं, 'आत ये', नाही बोलायचं. ओठ घट्ट. काही झालं तरी ते दुसरं नाही —

"मॅडम, मी करिष्मा. उन्हात उभी हाय ना गं."

'ना गं'च्या आधी दम घेतला. माझ्या संजूसारखा —

ती नाही. मला माहीत आहे ती नाही. नाही —

दाराबाहेर रडते आहे. तिच्या आईला मी शब्द दिला होता. पाणी भरलेलंच आहे. कडी काढून नुसतं पाणी द्यायचं, आत नाही —